वर्षश्राद्धापर्यंत आज्जीचं आयुष्य लिहून काढायचं तर

आमची आज्जी नव्वदी ओलांडून गेली. बेळगावपासून चार कोसांवरच्या गावात तिचं सगळं आयुष्य गेलं. सासरचा उंबरा तिने कधी सोडला नाही, पण तेवढ्या काळात तिचं राज्य बदलत राहिलं. जन्मली मुंबई इलाख्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला गाव म्हैसूर राज्यात गेलं, १ नोव्हेंबर १९७३ ला त्याच राज्याचं नाव कर्नाटक झालं आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचं सरकारी नाव बेळगावी. तिचे कागद मराठीत सुरू झाले आणि कन्नडमध्ये संपले. म्हणूनच आपल्या भागातल्या म्हाताऱ्या माणसाचं आयुष्य नुसत्या कागदांवरून हाती लागत नाही. ते माणसांच्या तोंडून गोळा करावं लागतं आणि कागद त्याला टेकू म्हणून लावावे लागतात.

आम्ही वर्षभरात तिच्यावर बत्तीस पानांची पुस्तिका केली आणि वर्षश्राद्धाला घरोघरी दिली. ते करताना जे जमलं आणि जे चुकलं, ते क्रमाने सांगतो. तुमच्या घरातलं माणूस अजून समोर बसलेलं असेल, तर पहिला भाग तेराव्यापर्यंतच्या दिवसांचा आहे म्हणून त्या दिवसांची वाट बघू नका. सहस्रचंद्रदर्शन करणार असाल, म्हणजे वय ऐंशीच्या पुढे गेलेलं असेल, तर तोच मुहूर्त धरा.

तेरा दिवसांतली वही

रक्षाविसर्जनापासून तेराव्यापर्यंत घरात जेवढी माणसं येतात, तेवढी पुन्हा एकत्र कधी येत नाहीत. माहेरचे, हलियाळ-खानापूरकडचे, चंदगड-गडहिंग्लजला दिलेल्या मुली, तिच्याबरोबर रोपं लावलेल्या बायका. सोप्यात बसून ही माणसं आपणहून बोलतात. त्या वेळी मोबाईल पुढे करू नका. रडणाऱ्या माणसाचं रेकॉर्डिंग करणं मला तरी बरोबर वाटत नाही.

त्याऐवजी दोनशे पानी वही घ्या आणि घरातल्या एका शांत नातवंडाकडे द्या. येणाऱ्याचं नाव, गाव, नातं, फोन नंबर आणि त्याने सांगितलेली एकच गोष्ट, इतकंच लिहायचं. 'खुरपताना गाणी म्हणायची', 'माझ्या लग्नात मांडे करायला तीन दिवस राबली', 'पोराच्या फीला पैसे दिले आणि परत मागितले नाहीत'. आमच्या वहीत अशा सत्तेचाळीस ओळी निघाल्या. पुढचं वर्षभराचं काम त्या ओळींवरच उभं राहिलं, कारण कोणाकडे काय विचारायला जायचं ते त्यातून कळलं.

याच दिवसांत दुसरं एक काम असतं. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण दाखल्यावर कन्नडमध्ये लिहिलेलं नाव आपल्याकडे कोणी नीट वाचत नाही. कन्नड वाचता येणाऱ्या माणसाकडून नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव एकेक अक्षर म्हणून घ्या. मराठीतला दंततालव्य, म्हणजे 'चमचा', 'जहाज' यांतला, 'च' आणि 'ज' कन्नड लिपीत वेगळा दाखवता येत नाही, इंग्रजी स्पेलिंग तर मनाला येईल तसं पडतं. वारसाच्या कामाला तीच चूक पुढे आडवी येते, आणि आजीचं नाव शेवटच्या कागदावर तरी तिचंच असावं.

ट्रंक उघडा, पण आवरू नका

आमची सगळ्यात मोठी चूक इथे झाली. सुतक फिटलं तसं घर धुवायला काढलं आणि आज्जीची वाकळ, बटवा, जुन्या पावत्या असं सगळं एका सकाळी बाहेर गेलं. कोणाचा वाईट हेतू नव्हता, रीतच तशी आहे. पण त्या वाकळेत तिने चार मुलांच्या लहानपणीचे कपडे जोडले होते. कुठला तुकडा कोणाचा, हे धाकट्या आत्तीला पाठ होतं. एक फोटो काढून ठेवला असता तर आज पान भरलं असतं.

म्हणून वाटणी किंवा विसर्जन व्हायच्या आधी प्रत्येक वस्तूचा दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, फ्लॅश न लावता फोटो काढा. अडकित्ता, चंची, फणेरपेटी, पोस्टाचं पासबुक, रेशनकार्ड, मनिऑर्डरच्या पावत्या, लग्नपत्रिका, हिशेबाच्या चिठ्ठ्या. ट्रंकेच्या तळाशी अंथरलेला वर्तमानपत्राचा कागदही बघा, त्यावर तारीख असते. आमच्या गावाकडे ट्रंकेत 'तरुण भारत' अंथरायची पद्धत. १९१९ पासून निघणाऱ्या या बेळगावच्याच वर्तमानपत्राचा असा एक तुकडा आमच्याकडे निघाला आणि आज्याने ट्रंक कधी आणली असेल त्याचा अंदाज त्यावरूनच आला.

जुने फोटो काचेला चिकटले असतील तर ओढू नका, फ्रेमसकट फोटो काढा. सुटे फोटो स्कॅन करता आले तर ६०० डीपीआयवर करा, आणि मागची बाजूही करा, कारण स्टुडिओचा शिक्का तिथे असतो. फोटोमागे नावं लिहायची ती मऊ पेन्सिलीने, कडेला. बॉलपेनचा दाब पुढून उमटतो. लॅमिनेशन मुळीच करू नका, एकदा केलं की ते परत निघत नाही. खानापूरच्या बाजूला पावसाळ्यात भिंतीसुद्धा ओल्या होतात. तिथे फोटो प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवले की बुरशी धरतेच. कागदी पाकिटं, वर पत्र्याचा डबा, आणि पाऊस संपला की सावलीत एक दिवस हवा. एवढं पुरतं.

तारखा नसतील तर खुंट्या शोधा

आज्जीच्या आधार कार्डावर जन्म १९३८ चा, तारीख १ जानेवारी. नक्की तारीख सांगता न आलेल्या हजारो म्हाताऱ्यांच्या कार्डावर हीच तारीख आहे. शाळेत गेलेल्यांच्या दाखल्यावर तशीच गुरुजींनी घातलेली १ जून असते. असल्या तारखांवर विसंबू नका.

आज्जीने जिवंतपणी एक वाक्य बऱ्याचदा म्हटलं होतं: "गांधीबाबाला मारलं तवा माज्या लग्नाचा मांडव उतरून म्हयना झालता." गांधीजींची हत्या ३० जानेवारी १९४८ ची. महिना मागे गेलं की १९४७ चा डिसेंबर अखेर येतो, म्हणजे मार्गशीर्ष. पौषात लग्नं करत नाहीत, तेव्हा हिशेब जुळतो. 'चौदावं सरून पंधरावं लागलं होतं' असंही ती म्हणायची. म्हणजे जन्म १९३३ च्या आसपासचा. कार्डाप्रमाणे धरलं तर ती दहाव्या वर्षीच बोहल्यावर चढली असती!

अशा खुंट्या प्रत्येकाच्या आयुष्यात असतात. आपल्या भागात कामाला येणाऱ्या काही देतो. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन झालं. तुमच्या आज्याचे वडील तिथे गेले होते का, विचारा. त्यानंतर १९४२ ची चळवळ. १९५६ च्या जानेवारीत सीमाप्रश्नावर गोळीबार झाला, १७ जानेवारीला आजही हुतात्मा दिन पाळतात, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात राज्य बदललं. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तेव्हा बेळगावातून लष्कर गेलं होतं आणि रस्त्याकडेच्या गावांनी त्या गाड्या मोजल्या होत्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप. बहात्तरचा दुष्काळ. १९८१ चं निपाणीचं तंबाखू आंदोलन, चिकोडी-निपाणीकडच्या घरांत याची आठवण हमखास निघते. १९८६ च्या जूनमधलं कन्नडसक्तीविरोधी आंदोलन.

प्रश्न विचारताना साल विचारूच नका. 'तेव्हा तू परकरात होतीस की लुगड्यात?', 'पहिलं पोर पाळण्यात होतं की अंगणात खेळत होतं?', 'चूल होती की स्टो आला होता?', असं विचारा. उत्तर आलं की साल आपण काढायचं. पुस्तिकेत मात्र 'च्या आसपास' हे शब्द लिहायला लाजू नका. अंदाज हा अंदाज म्हणूनच छापला, तर उद्या कोणाला खरा कागद सापडला की दुरुस्ती सोपी जाते.

कागदासाठी कुठे जायचं

यात फार वेळ घालवू नका, पण चार दारं जरूर ठोठवा.

शाळेचं जनरल रजिस्टर. गावच्या मराठी प्राथमिक शाळेत ते असतं, मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. बाईमाणसाचं नाव माहेरच्या गावच्या शाळेत आणि माहेरच्या नावाने शोधायचं, हे ऐनवेळी विसरलं जातं.

जमिनीचे कागद. हल्लीचा उतारा, म्हणजे पहाणी, कन्नडमध्ये मिळतो. जुने हस्तलिखित उतारे आणि फेरफार बघायचे तर तहसीलदार कार्यालयात अर्ज द्यावा लागतो. घरात मोडीतला कागद निघाला तर तो 'वाचता येत नाही' म्हणून बाजूला टाकू नका, मोडी वाचणारे अजून आहेत. आणि एक लक्षात असू द्या. आज एकच शहर दिसत असलं तरी बेळगावला लागून असलेलं शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं, तेव्हा शहापुरातल्या घराण्याचे जुने कागद बेळगावच्या दप्तरात सापडले नाहीत म्हणून निराश होऊ नका.

घरातलं कोणी मराठा पलटणीत असेल, आणि आपल्याकडे दर चार घरांत कोणीतरी असतंच, तर डिस्चार्ज बुक शोधा. त्यावरचा आर्मी नंबर हाताशी असला की बेळगावातल्या मराठा लाईट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला वारसदार म्हणून पत्र लिहिता येतं. आज्याची पलटण कुठे होती ते कळलं की आज्जी तेव्हा घरी एकटी कशी निभावत होती, तेही उमगायला लागतं.

चौथं दार सरकारी नाही. सुगी झाली की गावात हेळवी येतात. पिढ्यान्पिढ्यांच्या वंशावळी त्यांच्याकडे असतात, दारात बसून ते घराण्याची नावं म्हणतात आणि धान्य घेऊन जातात. हल्लीची पोरं त्यांना पाच-दहा रुपये देऊन वाटेला लावतात. या वर्षी त्यांना बसवा, चहा द्या आणि सगळं म्हणायला सांगून रेकॉर्ड करा. आज्जीचं नाव त्यात सापडेलच असं नाही, पण आज्याच्या मागच्या पिढ्या, मूळ गाव आणि घराणं तिथून कुठे कुठे पांगलं ते कळतं. आम्हाला आमचं मूळ गाव तिथे कळलं.

माणसांकडे जाऊन बसणं

यात सगळ्यात जास्त वेळ द्या. वहीतल्या नावांपैकी जी सर्वांत म्हातारी, तिच्याकडे आधी जा. आम्ही हा क्रम पाळला नाही. आज्जीच्या माहेरच्या चुलत बहिणीकडे दिवाळीनंतर जाऊ म्हणालो आणि ती दिवाळीआधीच गेली.

दोघांनी जा. एकाने बोलायचं, दुसऱ्याने फक्त ऐकायचं आणि मोबाईलकडे लक्ष ठेवायचं. रेकॉर्डिंगआधी विचारा, मोबाईल एअरप्लेन मोडवर टाका, पंखा बंद करा. आमच्या एका रेकॉर्डिंगमध्ये शेजारच्या घरातल्या मिक्सरखाली सबंध एक ओवी गेली आहे. अर्ध्या तासाच्या वर बसू नका, म्हातारं माणूस दमतं आणि मग 'व्हय व्हय' एवढंच म्हणतं. घरी आलं की त्याच दिवशी फाईलला नाव द्या, नाव-गाव-तारीख, आणि दुसऱ्या कोणाच्या तरी कॉम्प्युटरवर एक प्रत ठेवा.

'आज्जीचा स्वभाव कसा होता?' असं विचारलंत की 'लई चांगली हुती' एवढं उत्तर मिळतं आणि गोष्ट तिथेच संपते. हाताने केलेल्या कामाबद्दल विचारा. पहाटे उठून पहिलं काय करायची? पाणी कुठल्या विहिरीचं? बाजाराला कोणाबरोबर जायची, काय घेऊन? रताळी काढायला किती माणसं लागायची? बाळंतिणीला काय करून घालायची? चिडली की कोणता शब्द वापरायची? आमची आज्जी लोणी आणि भाजी घेऊन बेळगावला चालत जायची. हे विचारता विचारता तिची जोडीदारीण सहज म्हणाली, "पैसं मोजायची कानडीत आणि भांडायची मराठीत." शाळेत एक दिवस न गेलेल्या आज्जीने गिऱ्हाइकांकडून ओंदु, येरडु, मूरु शिकून घेतलं होतं. ते आम्हा नातवंडांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं.

हे दोन भाषांचं जगणं लिहिताना पुसू नका. दारात कानडी माणूस आला की ती 'बर्री, कुंद्री' (या, बसा) म्हणायची, नातू आला की 'काय करूलास रे?' म्हणायची. दोन्ही तसंच लिहा. 'काय करत आहेस?' असं शुद्ध करून छापलंत तर ते वाक्य तिचं उरत नाही. ज्या घरांनी सीमालढ्यात लाठ्या खाल्ल्या, त्याच घरांत कानडी सुनाही आहेत आणि त्या सुनांनी आज्जीचं दुखणं काढलं आहे. मोर्चाला ती गेली असेल तर तिने काय पाहिलं तेवढं लिहा. तिच्या तोंडी आपली भाषणं घालू नका.

अवघड गोष्टी

वाटणीचं भांडण, दुसरं लग्न, तुटलेलं माहेर प्रत्येक घरात असतं. माझं मत असं की, जिवंत माणसाला ज्याने खाली बघायला लागेल ते छापू नये, पण वेगळ्या कागदावर लिहून ठेवावं. छापण्याआधी मजकूर आज्जीच्या सगळ्या मुलांना वाचून दाखवा, मुलींना विसरू नका.

एक गोष्ट मात्र मी आग्रहाने छापायला सांगेन. त्या पिढीतल्या पुष्कळ बायांची एखाद-दोन मुलं तान्हेपणी गेलेली असतात. विचारलं तर मोजताना त्या ती धरत नाहीत. आज्जीचीही दोन गेली होती. त्यांची नावं मोठ्या आत्तीला आठवत होती. वंशावळीत आम्ही ती दोन्ही नावं बाकीच्या चौघांच्या ओळीतच, जन्माच्या क्रमाने घातली. आत्ती ते पान उघडून बराच वेळ बसली होती.

लिहिणं आणि छापणं

जन्मापासून सुरुवात करू नका. तिचा एक साधा दिवस घ्या, भर उमेदीतला, आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत लिहा. मग माहेर, लग्न, काम, तिचं बोलणं, तिच्या हातचं खाणं, शेवटची वर्षं. खाण्याचं पान नुसत्या कौतुकाचं नको, मसूर-आमटीला ती काय किती घालायची ते मापाने लिहा. तिची मापं मूठ आणि चिमूट असतील तर मुठीत आणि चिमटीत लिहा.

'प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ' हे शब्द निधनवार्तेत झाले, तेवढे पुरे. 'आजी अत्यंत कष्टाळू होत्या' या वाक्यात कोणाचीही आजी बसते. 'भात मळून झाला की सगळे जेवायला बसायचे आणि ती खळ्यात सांडलेले दाणे वेचायची', यात एकच बाई दिसते. मसुद्यातलं प्रत्येक विशेषण खोडा आणि त्या जागी वहीतली एक ओळ घाला. आम्ही तेच केलं.

छपाईचा हिशेब सोपा आहे. ए-४ कागद मधोमध दुमडून पिना मारलेली पुस्तिका करायची तर पानांची संख्या चारच्या पटीत लागते. आठ कागदांची बत्तीस पानं होतात. अक्षर १४ पॉइंटचं घ्या, वाचणारे अर्धे लोक साठीच्या पुढचे असतात. त्या आकारात पानाला दोनशेच्या आसपास शब्द बसतात, म्हणजे फोटोंची पानं सोडून पाच हजार शब्द पुष्कळ झाले. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून द्या. प्रेसमध्ये तो जुन्या फॉन्टमध्ये बदलला गेला तर 'पायऱ्या', 'म्हाताऱ्या' अशा शब्दांतला 'ऱ्य' आणि काही जोडाक्षरं फुटतात. म्हणून कागदावर प्रूफ मागा आणि नावं दोघांनी वेगवेगळी तपासा.

बेंगळूरला किंवा पुण्याला वाढणाऱ्या पणतवंडांना मराठी नीट वाचता येत नाही, कानडी माध्यमात शिकणाऱ्यांचंही तेच. त्यांच्यासाठी आम्ही घरातल्या एका सुनेकडून दोन पानं कन्नडमध्ये लिहून घेतली आणि आज्जीच्या आवाजाची तीन रेकॉर्डिंग्ज प्रत्येक घराला पेनड्राईव्हवर दिली.

वर्षश्राद्धाला जेवणं झाल्यावर पुस्तिकेतलं एकच प्रकरण मोठ्याने वाचा, सगळी वाचत बसू नका. वाचायला आज्जीच्या मुलीला सांगा. एक प्रत माहेरच्या घरी नेऊन द्या, एक गावच्या वाचनालयाला. १८४८ पासून चालणारं बेळगावचं सार्वजनिक वाचनालयही आहे, तिथेही विचारून बघा.

आणि शेवटची दोन पानं कोरी सोडा. आमच्या घरच्या प्रतीत तिथे धाकट्या आत्तीने आठवड्याभरातच पेन्सिलीने लिहिलं: 'आई बाजाराला चालत जायची ते खरं. पण येतानाही चालतच यायची. गाडीचे पैसे वाचवून आमच्यासाठी चिरमुरे आणायची. हे तुम्ही लिहिलेलं नाही.'